कोरी पाटी नव्हती: इराकमधल्या 'स्वातंत्र्य' या घोषणेचे प्रकरण, २००३ ते २००५

२० मार्च २००३ रोजी इराकवर सुरू झालेल्या मोहिमेला वेगळ्या घोषवाक्याची गरज नव्हती. 'ऑपरेशन इराकी फ्रीडम' हे तिचे नावच घोषवाक्य होते आणि प्रत्येक बातमीत, प्रत्येक पत्रकात ते आपोआप छापले जात होते. मोहिमेचे नाव ही लष्करी कारकुनीची बाब वाटते, पण अमेरिकेत त्याकडे किती लक्ष असते हे दीड वर्ष आधी दिसले होते. अफगाणिस्तानच्या मोहिमेचे पहिले नाव 'इन्फिनिट जस्टिस', म्हणजे अनंत न्याय, असे होते. अनंत न्याय फक्त ईश्वराच्या हाती, अशी हरकत मुस्लिम मंडळींनी घेतली आणि सप्टेंबर २००१ मध्येच ते बदलून 'एंड्युरिंग फ्रीडम' केले गेले. आपला शब्द समोरच्याच्या कानाला कसा लागेल हे विचारायचे असते, हे ठाऊक होते. इराकच्या वेळी कोणी विचारले नाही.

हे प्रकरण आम्ही एका मर्यादित प्रश्नासाठी निवडले आहे. युद्ध करावे की नाही, संहारक अस्त्रे होती की नाही, तेलाचा भाग किती, हे वाद वेगळे. इथे एवढेच पाहायचे आहे की 'स्वातंत्र्य' ही घोषणा परक्या मुलुखात नेल्यावर तिचा कागद कसा होतो. पद्धत साधी आहे. भाषण एका हाताला ठेवायचे, त्या सुमारास निघालेला हुकूम दुसऱ्या हाताला, आणि हुकमात चार गोष्टी शोधायच्या: देणारा कोण, नाकारण्याची सोय कोणाला, वाद झाल्यास कोणत्या भाषेतला मजकूर खरा, आणि त्या जागी आधीपासून काय होते. चौथा प्रश्न सर्वांत जास्त टाळला जातो. इराकमधली बरीचशी हानी तो टाळल्यामुळे झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शब्द आणि कान

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांची भाषणे नीट वाचली पाहिजेत, कारण ती उथळ नव्हती. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात ते म्हणाले की आम्हाला प्रिय असलेले स्वातंत्र्य ही अमेरिकेने जगाला दिलेली भेट नाही, ती ईश्वराने मानवजातीला दिलेली आहे. ६ नोव्हेंबर २००३ रोजी तर त्यांनी कबुली दिली: मध्यपूर्वेतल्या स्वातंत्र्याच्या अभावाकडे पाश्चात्त्य देशांनी साठ वर्षे कानाडोळा केला आणि त्याने आपण सुरक्षित झालो नाही. २० जानेवारी २००५ च्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात स्वातंत्र्यवाचक शब्द चाळीसहून जास्त वेळा आले. त्याच भाषणात, आमची राज्यपद्धती आम्ही कोणावर लादणार नाही, इतरांना त्यांचा स्वतःचा आवाज सापडावा म्हणून मदत करू, असेही वाक्य होते. भाषणाच्या पातळीवर आक्षेप घ्यायला फारशी जागा नाही. म्हणूनच हुकूम वाचावे लागतात.

त्याआधी शब्द. अरबीत या प्रसंगी तीन शब्द एकमेकांसमोर उभे राहिले. 'हुर्रिया' म्हणजे स्वातंत्र्य, मुळात गुलाम नसण्याची अवस्था. 'तहरीर' म्हणजे मुक्त करणे. या क्रियेला कर्ता लागतो, कोणीतरी कोणालातरी मुक्त करतो. आणि 'इहतिलाल' म्हणजे लष्करी ताबा. भाषणांत तहरीर होती. पण २२ मे २००३ रोजी सुरक्षा परिषदेने मंजूर केलेल्या ठराव १४८३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांना ताबेदार सत्ता म्हटले होते, आणि ठराव मांडणाऱ्यांत हे दोन देश स्वतः होते. घोषणेने जे नाकारले ते कायद्याच्या कागदाने दोन महिन्यांत मान्य केले. इराकी वाचकाने कागदावर विश्वास ठेवला तर त्याची चूक नव्हती.

आणखी एक बारकावा. अरबी राजकीय परंपरेत जुलमाच्या विरुद्धचा शब्द हुर्रिया नसून 'अदल' आहे. मराठी वाचकाला हे वेगळे समजवायला नको. जुलूम आणि अदालत हे दोन्ही शब्द त्याच घराण्यातून आपल्याकडे आले. जुलमी सत्ता गेली की लोक आधी दाद मागतात: माझा मुलगा कुठे नेला, माझी जमीन कोणी घेतली, थकलेला पगार कधी मिळेल. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले, राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. तेल मंत्रालयावर मात्र पहारा होता. ११ एप्रिलला संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी सांगितले की स्वातंत्र्य अस्ताव्यस्तच असते, मुक्त माणसांना चुका करण्याची, गुन्हे करण्याचीही मोकळीक असते. दाद मागणाऱ्याला मिळालेले हे उत्तर होते.

बगदादने 'मुक्ती' हा शब्द परक्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असेही नाही. ११ मार्च १९१७ रोजी जनरल स्टॅन्ले मॉड यांच्या फौजेने शहर घेतले आणि आठवडाभरात त्यांच्या नावाने जाहीरनामा निघाला: आमच्या फौजा जेते किंवा शत्रू म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. मजकूर लिहिणारे मार्क साइक्स यांनी वर्षभर आधीच फ्रान्सशी गुप्तपणे त्या प्रदेशाची वाटणी ठरवली होती. १९२० मध्ये उठाव झाला. या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. मेसोपोटेमियातल्या ब्रिटिश फौजेत हिंदी सैनिकांचा भरणा होता. कुत-अल-अमारात १४७ दिवस वेढ्यात राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली ती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. इराकचा स्वतःचा दिनार १९३२ मध्ये आला, तोवर तिथे हिंदी रुपया चालत होता. त्या पहिल्या 'मुक्ती'चा खर्च कोणाच्या घरातून गेला हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

२००३ मध्ये भारतावरही शब्दाचा पेच आला. एप्रिलमध्ये संसदेने ठराव केला तेव्हा विरोधी पक्षांना कडक निषेध हवा होता, वाजपेयी सरकारला सौम्य भाषा. तोडगा म्हणून हिंदी मजकुरात 'निंदा' हा शब्द घातला गेला, ज्याचा इंग्रजी अनुवाद कडक आणि सौम्य असा दोन्ही करता येतो. १४ जुलैला मात्र संदिग्धता ठेवली नाही: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना भारतीय फौज इराकमध्ये जाणार नाही, असे मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ठरवले.

पहिले दोन हुकूम

ताबा घेतलेल्या आघाडीने इराक चालवण्यासाठी उभारलेल्या हंगामी प्रशासनाचे, म्हणजे सीपीएचे, प्रमुख पॉल ब्रेमर १२ मे २००३ रोजी बगदादला आले. चार दिवसांनी पहिला नियम निघाला. त्यानुसार कार्यकारी, कायदे करण्याची आणि न्यायदानाची अशा तिन्ही सत्ता सीपीएकडे आल्या. हुकूम अरबीतही प्रसिद्ध व्हायचे, पण मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य. सत्तेची विभागणी शिकवायला आलेल्यांचा पहिलाच कागद तिन्ही सत्ता एका हाती देणारा होता, आणि तो ज्यांना लागू होणार त्यांच्या भाषेतला मजकूर दुय्यम होता. ताबेदार सत्तेला तातडीचे अधिकार लागतात हे खरे. पण मग त्या काळाचे नाव प्रामाणिकपणे 'ताबा' असायला हवे होते.

त्याच दिवशी, १६ मेला, हुकूम क्रमांक १ निघाला: बाथ पक्षाचे, म्हणजे सद्दाम हुसेनच्या सत्ताधारी पक्षाचे, निर्मूलन. पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे, म्हणजे 'फिरका' पातळीपासून वरचे, सर्व सदस्य सरकारी नोकरीतून दूर आणि पुढे कायम अपात्र. शिवाय प्रत्येक मंत्रालय, सरकारी कंपनी, विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्या वरच्या तीन थरांतल्या अधिकाऱ्यांची चौकशी. त्यात पूर्ण सदस्य आढळला तर त्याची पक्षातली पायरी खालची असली तरी घरी.

यात चुकले काय ते नेमके पाहू. हुकूम कृत्य बघत नव्हता, पायरी बघत होता. सद्दामच्या राज्यात मुख्याध्यापक, प्राध्यापक, रुग्णालयाचा प्रमुख, वीजकेंद्राचा अभियंता व्हायचे तर पक्षात वर चढणे बहुतेक वेळा भागच असायचे. छळ करणारा आणि बढतीसाठी सही करणारा एकाच चाळणीत सापडले. दुसरे, कार्यालये लुटली आणि जाळली गेल्यामुळे कोण कोणत्या पायरीवर होता याचा पुरावा विस्कळीत होता. सांगोवांगीला वजन आले. तिसरे, सूट देण्याचा मार्ग अरुंद होता आणि नोव्हेंबर २००३ मध्ये तो अहमद चलबी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे गेला, म्हणजे सत्तेच्या स्पर्धेत स्वतः उतरलेल्या पुढाऱ्याकडे. ब्रेमर यांचा अंदाज सुमारे २० हजार माणसांचा होता. नंतरचे अंदाज ३० हजारांपासून १ लाखापर्यंत जातात. २३ एप्रिल २००४ रोजी ब्रेमर यांनी दूरचित्रवाणीवर मान्य केले की धोरण बरोबर होते पण अंमल वाईट झाला, विशेषतः शिक्षकांच्या बाबतीत. आमच्या मते दोष धोरणातच होता, कारण अंमल कसा होईल हे मजकुरातच लिहिलेले होते.

२३ मे २००३ च्या हुकूम क्रमांक २ ने सैन्य, संरक्षण मंत्रालय आणि सुरक्षा यंत्रणा बरखास्त केल्या. एकट्या सैन्यातच साडेतीन लाखांहून अधिक माणसे होती. ब्रेमर यांच्या आधी आलेले निवृत्त जनरल जे गार्नर यांचा बेत सैनिकांना पगारावर ठेवून रस्ते-इमारतींच्या कामाला लावण्याचा होता. तो गुंडाळला गेला. शस्त्रे सैनिकांच्या हाती राहिली, कोठारे उघडी होती आणि घरी पैसे येणे थांबले. १८ जूनला बगदादमध्ये निदर्शने करणाऱ्या माजी सैनिकांवर गोळीबार होऊन दोघे ठार झाले. पाच दिवसांनी दरमहा ५० ते १५० डॉलरचा भत्ता जाहीर झाला. मधल्या एका महिन्यात काय गमावले याची मोजदाद करता येत नाही, पण क्रम उलटा असता, आधी भत्ता आणि मग बरखास्ती, तर हाच हुकूम तितका घातक ठरला नसता.

बाजाराचे स्वातंत्र्य

७ जून २००३ च्या हुकूम १२ ने आयातीवरचे सर्व कर वर्षअखेरपर्यंत स्थगित केले. पुढे फक्त ५ टक्क्यांचा पुनर्बांधणी अधिभार आला. १९ सप्टेंबरच्या हुकूम ३९ ने नैसर्गिक संपत्ती वगळता जवळजवळ सर्व उद्योगांत परकीयांना १०० टक्के मालकी, नफा पूर्णपणे बाहेर नेण्याची मुभा आणि ४० वर्षांपर्यंत जमिनीचे भाडेपट्टे दिले. हुकूम ३७ ने आयकराची कमाल मर्यादा १५ टक्के केली. वीज तासन्तास जात असताना, तेरा वर्षांच्या निर्बंधांनी यंत्रे झिजलेली असताना, इराकी कारखानदाराला एका रात्रीत जगभरच्या मालाशी स्पर्धा करायची होती. दुकानांत फ्रीज, एअर कूलर, डिश अँटेना यांचे ढीग लागले, आणि तो आनंद खोटा नव्हता. सद्दामच्या काळात डिश लावणे गुन्हा होता. पण गिरणी बंद पडलेल्या कामगाराला त्या ढिगाचा उपयोग नव्हता.

इथे कायद्याची अडचणही होती आणि ती आधीच सांगितली गेली होती. १९०७ च्या हेग नियमांचे कलम ४३ सांगते की ताबेदार सत्तेने, अगदीच अशक्य नसेल तर, त्या देशातले चालू कायदे पाळावेत. ब्रिटनचे ॲटर्नी जनरल पीटर गोल्डस्मिथ यांनी मार्च २००३ मध्येच पंतप्रधानांना लेखी कळवले होते की मोठ्या आर्थिक सुधारणा लादणे आंतरराष्ट्रीय कायद्यात बसणार नाही.

जुना कायदा पाळल्याचे एक ठळक उदाहरण मात्र आहे. सरकारी क्षेत्रातल्या कामगारांना संघटना करण्यास बंदी घालणारा सद्दामच्या काळातला १९८७ चा कायदा सीपीएने हटवला नाही. शंभर हुकूम काढणाऱ्या प्रशासनाला त्यासाठी एक हुकूम काढणे जड नव्हते. घोषणेतल्या 'स्वातंत्र्य' या एका शब्दात मालकीचे स्वातंत्र्य आणि संघटनेचे स्वातंत्र्य दोन्ही होती. निर्यात झाली ती पहिल्याची. संपाची गाणी ऐकत वाढलेल्या मुंबईच्या गिरणगावाला हा फरक चटकन कळेल.

रेशनकार्ड आणि मतपत्रिका

या प्रकरणाचा गाभा आमच्या दृष्टीने इथे आहे.

निवडणूक ही स्वातंत्र्याच्या घोषणेची सर्वांत सोपी कसोटी. जून २००३ मध्ये नजफ शहरात महापौरपदाची निवडणूक ठरली होती. तिथल्या अमेरिकी मरीन तुकडीने स्थानिकांबरोबर तयारीही केली होती. ब्रेमर यांनी ती रद्द केली. घाईच्या निवडणुका घातक ठरतात, संघटित आणि कडव्या गटांना फायदा होतो, असे कारण दिले. कारणात तथ्य होते. पण ज्यांनी नावे नोंदवली त्यांना कळले ते एवढेच की निकाल पसंत पडेल याची खात्री झाल्यावर मत विचारले जाईल.

त्याच महिन्याच्या अखेरीस नजफमधल्याच एका गल्लीतल्या साध्या घरातून एक फतवा निघाला. इराकी शियांचे ज्येष्ठ धर्मगुरू आयातुल्ला अली सिस्तानी यांनी लिहिले होते की राज्यघटना लिहिणारी सभा नेमण्याचा कोणताही अधिकार या फौजांना नाही. आधी सार्वत्रिक निवडणूक व्हावी, प्रत्येक पात्र इराकीने आपला प्रतिनिधी निवडावा, आणि तयार झालेल्या घटनेवर पुन्हा लोकांचे मत घ्यावे. हे लिहिणारे मशहदला जन्मलेले, इराणी नागरिकत्वाचे. त्यांना स्वतःला त्या निवडणुकीत मत नव्हते. ब्रेमर यांना ते एकदाही भेटले नाहीत. एक माणूस एक मत ही मागणी धर्मगुरूकडून आणि नेमणुकीचा आग्रह लोकशाहीच्या प्रतिनिधीकडून, अशी मांडणी झाली. पश्चिमेची मूल्ये विरुद्ध स्थानिक मूल्ये या चौकटीत हे बसत नाही. ती चौकट सोडावीच लागते.

१३ जुलैला २५ जणांचे शासकीय मंडळ नेमले गेले: १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमान, १ ॲसिरियन ख्रिस्ती. नावांच्या शेजारी पंथ आणि वंश लिहून जागा वाटण्याची पद्धत तिथून राज्यकारभारात रुजली आणि आजतागायत तिथल्या राजकारणाच्या मानेवर बसलेली आहे. 'मुहासासा', म्हणजे हिस्सेवाटणी, हा शब्द इराकी माणूस आजही शिवीसारखा उच्चारतो. आपल्या 'हिस्सा' शब्दाचे मूळ तेच.

१५ नोव्हेंबर २००३ चा करार यापुढची पायरी. सत्तांतर ३० जून २००४ पर्यंत करायचे, पण निवडणुकीने नव्हे. अठराही प्रांतांत प्रत्येकी १५ जणांची समिती: ५ शासकीय मंडळाने नेमलेले, ५ प्रांतिक परिषदेचे, ५ मोठ्या पाच शहरांच्या परिषदांचे. या पंधरापैकी ११ जणांनी मान्य केलेले उमेदवार बैठकीत येणार आणि बैठक प्रतिनिधी निवडणार. याला 'कॉकस' म्हणायचे. या शब्दाला अरबीत रूढ प्रतिशब्द नाही, मराठीतही नाही, आणि समजावून सांगताना लोकांच्या लक्षात एवढेच आले की शेवटी नेमलेल्यांनीच निवडायचे आहे. जानेवारी २००४ मध्ये बसरा आणि बगदादचे रस्ते भरले. घोषणा होती: निवडणुकीला होय, नेमणुकीला नाही. परकीयाने नेलेल्या घोषणेपुढे ही लोकांची स्वतःची घोषणा उभी राहिली, आणि तिच्यात 'स्वातंत्र्य' हा शब्दही नव्हता.

सीपीएचा आक्षेप असा: जनगणना नाही, मतदार यादी नाही, निवडणुकीचा कायदा नाही, मग मतदान कशावर घ्यायचे? सिस्तानींच्या बाजूने उत्तर आले: रेशनकार्डावर.

१९९० मध्ये निर्बंध लागल्यापासून इराकमध्ये सार्वत्रिक रेशन होते. दरमहा पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, डाळी जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला मिळत आणि चाळीस हजारांहून अधिक दुकानदार ते वाटत. म्हणजे कोणत्या घरात किती माणसे, कोण किती वर्षांचे, याची संगणकात भरलेली, दर महिन्याला तपासली जाणारी यादी देशात होती. सद्दामने ती पोटाच्या दोरीने लोकांना बांधण्यासाठी वापरली, हे खरे. तरी यादी यादीच असते. सीपीएतल्या अर्थतज्ज्ञांच्या डोळ्यांत मात्र रेशन म्हणजे बंद करून रोख रकमेत बदलायची जुनी व्यवस्था होती.

फेब्रुवारी २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत लखदर ब्राहिमी आले. त्यांचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना थोडा थोडा कडू होता: जूनपर्यंत निवडणूक शक्य नाही, तयारीला किमान आठ महिने हवेत, पण कॉकसची योजनाही चालणार नाही. सिस्तानींनी उशीर मान्य केला. आणि अखेर मतदार यादी तयार झाली ती रेशनच्याच नोंदींवरून. १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर २००४ या काळात दुकानदार रेशनबरोबर प्रत्येक कुटुंबाला नावांचा छापील फॉर्म देत. नावे बरोबर असतील तर काही करायचे नाही. चूक असेल तर नोंदणी केंद्रावर जायचे. पाचशेहून अधिक केंद्रे उघडली होती. व्यवस्था स्वस्त, ओळखीची, आणि माणसाला रांगेत दुसऱ्यांदा उभे न करणारी. जे आधीपासून होते ते वापरले की काम कसे मार्गी लागते याचे इतके स्वच्छ उदाहरण या सगळ्या काळात दुसरे नाही. ते मार्च २००३ पासून तिथेच होते.

जिथे बिघडले तेही सांगायला हवे. सुन्नी भागांत रेशन दुकानदारांना धमक्या आल्या. अनबार प्रांतात, जिथे नोव्हेंबरमध्ये फलूजाची दुसरी लढाई चालू होती, नोंदणी होऊ शकली नाही, म्हणून तिथे आणि निनेवेत मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवण्याची सवलत द्यावी लागली. मतदारसंघ आखायला वेळ नव्हता, म्हणून संपूर्ण देश एकच मतदारसंघ, २७५ जागा, बंद याद्या. याचा परिणाम यांत्रिक होता: ज्या भागात मतदान कमी, त्या भागाचे प्रतिनिधी आपोआप कमी. प्रांतवार जागा ठरलेल्या असत्या तर बहिष्कार असूनही अनबारच्या जागा अनबारलाच राहिल्या असत्या.

३० जानेवारी २००५ रोजी साडेआठ दशलक्षांच्या आसपास, म्हणजे ५८ टक्के, मतदारांनी मत दिले, बॉम्बहल्ले होत असताना. जांभळी शाई लागलेले बोट जगभर छापले गेले आणि २ फेब्रुवारीला अमेरिकी संसदेत काही सदस्यांनी स्वतःची बोटे रंगवून ती उंचावली. पण अनबारमध्ये मतदान २ टक्के होते. शिया आघाडीला १४० जागा, कुर्दांना ७५. सुन्नी अरबांच्या वाट्याला जेमतेम १७. या सभेने घटना लिहिली. १५ ऑक्टोबरच्या सार्वमतात देशभर ७९ टक्के होकार आला, आणि अनबारमध्ये ९७ टक्के नकार. तीन प्रांतांत दोनतृतीयांश नकार आला असता तर घटना पडली असती. अनबार आणि सलाहुद्दीनने ती रेषा ओलांडली, निनेवे ५५ टक्क्यांवर थांबला. मंजूर झालेली घटना निम्म्या वायव्य इराकला आपली वाटली नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीपासून बगदादच्या गल्ल्यांत जे पंथीय हत्याकांड सुरू झाले त्याच्या कारणांत हे एक आहे.

एक वर्तमानपत्र, एक चिठ्ठी

एप्रिल २००३ नंतर बगदादमध्ये शंभराहून अधिक वृत्तपत्रे निघाली. घोषणेच्या खात्यावर हा जमेचा मोठा आकडा आहे आणि तो लपवू नये. पण जूनमध्येच हुकूम १४ ने चिथावणीखोर मजकुरासाठी माध्यम बंद करण्याचा अधिकार प्रशासकाकडे घेतला. न्यायालयाकडे नव्हे. २८ मार्च २००४ रोजी ताब्याला विरोध करणारे शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांच्या गटाचे 'अल-हौजा' हे साप्ताहिक ६० दिवसांसाठी बंद केले गेले. आक्षेपार्ह ठरवलेल्या मजकुरात ब्रेमर सद्दामच्या वाटेने चालले आहेत असे म्हणणारा लेखही होता. कार्यालयाच्या दाराला साखळी घातलेली पाहून लोकांनी लेखातला दावा पटल्यासारखे मान हलवली. पुढच्या आठवड्यात बगदादच्या सद्र सिटीपासून नजफपर्यंत बंड पेटले. काही हजार प्रतींचे पत्र बंद करण्याची ही किंमत होती. महिना संपता संपता, २८ एप्रिलला, अबू गरीब तुरुंगातली छायाचित्रे बाहेर आली. तो तुरुंग सद्दामच्या छळाचे नाव होते. नावाचा मालक बदलला.

२८ जून २००४ रोजी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, बगदादमध्ये छोट्याशा समारंभात सत्तांतर झाले आणि ब्रेमर विमानात बसले. इस्तंबूलला नाटोच्या बैठकीत बुश यांच्या हाती त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस यांची चिठ्ठी आली: इराक सार्वभौम झाला. बुश यांनी तिच्यावर तीन शब्द लिहिले, 'लेट फ्रीडम रेन', स्वातंत्र्याचे राज्य येवो. त्या क्षणी कायद्याची स्थिती अशी होती: हंगामी घटनेच्या कलम २६ नुसार सीपीएचे हुकूम नवीन कायदा करून रद्द होईपर्यंत लागूच राहणार होते, आणि आदल्याच दिवशी सुधारून काढलेल्या हुकूम १७ नुसार परदेशी कंत्राटदारांना इराकी न्यायालयांपासून संरक्षण होते. घोषणेचा समारंभ आणि हुकमाचा मजकूर शेजारी ठेवून वाचण्याची गरज या एका तारखेइतकी दुसरीकडे क्वचित दिसते.

आधीपासून काय होते

१९५८ च्या १४ जुलैला इराकमधली राजेशाही उलथली. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, कायदा क्रमांक १८८ आला: विवाह, घटस्फोट, वारसा यांविषयी सर्व पंथांना मिळून एकच कायदा, त्या प्रदेशात स्त्रियांना बऱ्यापैकी संरक्षण देणारा. तो कोणी निर्यात केला नव्हता. २९ डिसेंबर २००३ रोजी नेमलेल्या शासकीय मंडळाने ठराव १३७ करून तो काढून पंथनिहाय नियम आणण्याचे ठरवले. इराकी स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, ब्रेमर यांनी सही केली नाही, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मंडळाने ठराव मागे घेतला. स्त्रियांनी वाचवले ते आपल्या आजीच्या काळातले होते. स्वातंत्र्य बाहेरून आणणाऱ्यांनी नेमलेले मंडळच घरातले स्वातंत्र्य मोडायला निघाले होते, ही गोष्ट त्या वर्षीच्या भाषणांत कुठेच आली नाही.

बगदादच्या तहरीर चौकात 'नस्ब अल-हुर्रिया', स्वातंत्र्याचे शिल्प, १९६१ पासून उभे आहे. सुमारे ५० मीटर लांबीच्या दगडी पाटीवर कांस्याचे १४ समूह, अरबी लिपीसारखे उजवीकडून डावीकडे वाचायचे. शिल्पकार जवाद सलीम ते पूर्ण लागलेले पाहण्याआधीच गेले. पाटीची रचना वास्तुविशारद रिफअत चादिरजी यांची. एप्रिल २००४ मध्ये शासकीय मंडळाने याच चादिरजींचे नवे राष्ट्रध्वजाचे चित्र जाहीर केले: पांढरी पार्श्वभूमी, निळी चंद्रकोर, नद्यांसाठी दोन निळे पट्टे, कुर्दांसाठी मधे पिवळा. फलूजात तो जाळला गेला, निळा रंग इस्रायलच्या ध्वजाची आठवण देतो म्हणून ओरड झाली, आणि ध्वज कधी फडकलाच नाही. रेखाटणारा हात तोच होता. १९६१ मध्ये त्याने केलेले काम शहराने आपले मानले. २००४ चे काम कोणी मागवले हे पाहून नाकारले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच शिल्पाखाली तरुण मुले जमली. बरीचशी सद्दामचे राज्य न आठवणारी, काही तर त्यानंतर जन्मलेली. वीज, पाणी, नोकऱ्या, आणि ती हिस्सेवाटणी संपवणे या मागण्या. सुरक्षा दलांच्या आणि सशस्त्र गटांच्या गोळ्यांनी काही महिन्यांत सहाशेच्या आसपास माणसे मेली. पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांना २९ नोव्हेंबरला राजीनामा जाहीर करावा लागला. मुलांच्या हातातल्या फलकांवर दोन शब्द होते: 'नुरीद वतन'. आपल्याकडे वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन, त्यांच्याकडे मायभूमी. आम्हाला देश हवा, असे ते म्हणत होते.